विंचू, बोकडाची श्वासनलिका आणि रिसेप्टरवरचे औषध

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर (बाहेरच्या रेणूला धरून पेशीला संदेश देणारी प्रथिने) नव्या औषधांचे लक्ष्य म्हणून कशाच्या आधारावर निवडतात? आणि विंचवाचे विष, समुद्रातले शंख किंवा कोकमासारखी वनस्पती घेऊन, सेल कल्चरची (पेशी बाटलीत वाढवण्याची) सोय नसलेल्या प्रयोगशाळेत या विषयावर धड काम होऊ शकते का?

होऊ शकते, पण क्रम बदलावा लागेल. बरेच प्रबंध ‘कोकम घेऊ, मग ते कशावर चालते ते बघू’ असे सुरू होतात आणि पहिल्याच आलेखाला फसतात. आधी रिसेप्टर ठरवायचा, मग तो रोखला किंवा चेतवला गेला हे कोणत्या मोजमापाने सिद्ध होईल ते ठरवायचे, आणि पदार्थ सगळ्यात शेवटी. त्यातही निवडीची खरी कसोटी अशी की रोगाच्या साखळीत हा रिसेप्टर अशा जागी आहे का, जिथे अडवले की नुकसान थांबते? रेणू रिसेप्टरला चिकटतो एवढ्याने ते सिद्ध होत नाही.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण कोकणातलेच आहे. लाल विंचवाच्या विषातले प्रमुख घटक मज्जातंतूंवरच्या सोडियम वाहिन्यांना (पेशीत सोडियम सोडणाऱ्या दारांना) धरतात आणि त्या बंदच होऊ देत नाहीत. मज्जातंतू पेटलेले राहतात. सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या. मग ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो. हा लोंढा रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर आदळतो, वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. विंचूदंशावर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात १९८० च्या दशकात प्राझोसिन वापरले, ते नेमके या अल्फा-१ वर बसणारे, मुळात रक्तदाबासाठी बनवलेले औषध. म्हणजे विष ज्या सोडियम वाहिनीला धरते तिला प्राझोसिन हातही लावत नाही. ते साखळीच्या पुढच्या कडीवर बसते, आणि माणूस मरतो तो त्या कडीमुळे.

इथेच उलट चूकही शिकण्यासारखी आहे. नाडी जोरात चालली आहे म्हणून नुसता बीटा ब्लॉकर (हृदयावरचे बीटा रिसेप्टर रोखणारे औषध) दिला तर अल्फा-१ मोकळाच राहतो, वाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि वर हृदयाचे पंपिंगही दबते. रिसेप्टर एकाच कुळातले, संदेश देणारा रेणूही तोच, पण परिणाम घातक. महाडच्या रुग्णांवरचाच २०११ साली प्रसिद्ध झालेला ७० जणांचा तुलनात्मक अभ्यास आहे. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या गटात १० तासांत पूर्ण बरे होणारे ९१ टक्के होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात २३ टक्के. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते आणि प्राझोसिन आधीच सुटलेल्या लोंढ्याला आवर घालते, म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक ठरतात. प्राझोसिनची मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, रुग्णालयातच आणि रुग्ण आडवा ठेवून. पहिल्या मात्रेनंतर उठवून बसवले तर रक्तदाब कोसळतो, आणि घामा-उलट्यांनी आधीच पाणी गेलेले असेल तर जास्तच. तो परिणामही अल्फा-१ मुळेच. औषधाचा गुण आणि दोष बहुधा एकाच रिसेप्टरवर राहतात.

निवडीकडे येऊ. पृष्ठभागावरचे रिसेप्टर औषधकंपन्यांना आवडतात याचे साधे कारण असे की रेणूला पेशीत शिरावे लागत नाही. त्यामुळे प्राझोसिनसारखा ३८३ डाल्टनचा (डाल्टन हे रेणुभाराचे एकक) रेणूही चालतो आणि दीड लाख डाल्टनची अँटीबॉडीही चालते. माणसात जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरची सुमारे ८०० जनुके आहेत, आणि बाजारातल्या मंजूर औषधांपैकी साधारण एक तृतीयांश याच कुळावर काम करतात. उरलेल्यांत लायगँडने (रिसेप्टरवर बसणाऱ्या रेणूने) उघडणाऱ्या वाहिन्या (स्नायूवरचा निकोटिनिक रिसेप्टर, ज्यावर नागाचे मज्जाविष बसते) आणि एचईआर-२ सारखे टायरोसिन कायनेज रिसेप्टर महत्त्वाचे.

पण सोय म्हणजे पुरावा नव्हे. सगळ्यात भक्कम पुरावा माणसाच्या जनुकांतून येतो. सीसीआर-५ या रिसेप्टरचे जनुक दोन्ही प्रतींत तुटलेले असलेल्या लोकांना एचआयव्हीची लागण क्वचितच होते आणि ते एरवी बऱ्यापैकी निरोगी जगतात. रिसेप्टर बंद केला तर फायदा होईल आणि फारसे बिघडणार नाही, हे दोन्ही निसर्गानेच दाखवून दिले होते. मॅराव्हिरॉक २००७ साली त्या आधारावर आले. याउलट एनके-१, म्हणजे सबस्टन्स-पी या वेदनेच्या संदेशवाहकाचा रिसेप्टर. प्राण्यांत तो रोखला की वेदना कमी होतात, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवले. माणसांत वेदनाशामक म्हणून ही औषधे पडली. त्यातलेच ॲप्रेपिटंट २००३ साली केमोथेरपीच्या उलट्यांसाठी मंजूर झाले. रिसेप्टर तोच, रेणू त्याच वर्गातले. रोगाची निवड चुकली होती.

रिसेप्टर आणखी कुठेकुठे आहे, हा दुसरा प्रश्न. ‘प्राण्यात सुरक्षित होते’ या वाक्याला त्याबाबत फार किंमत देऊ नका. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन-१४१२ ही सीडी-२८ (टी-पेशींवरचा रिसेप्टर) चेतवणारी अँटीबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. माकडांत काही झाले नव्हते, कारण ज्या स्मृती टी-पेशींनी माणसांत वादळ उठवले त्यांच्यावर माकडांत सीडी-२८ नसतो. मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, ऐकायला किरकोळ. हिशेब करून बघा. ७० किलोच्या माणसाला ७ मिलिग्रॅम, प्लाझ्मा अडीच लिटर, म्हणजे मिलिलिटरला २.८ मायक्रोग्रॅम. रेणुभार दीड लाख धरला तर सुमारे १९ नॅनोमोलर (लिटरला मोलचे १९ अब्जांश). तिचा केडी (ज्या प्रमाणात निम्मे रिसेप्टर व्यापले जातात ते) साधारण २ नॅनोमोलर. १९ भागिले (१९ + २) म्हणजे पहिल्याच मात्रेत ९० टक्के रिसेप्टर व्यापलेले. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांचा आहे. आता चेतवणाऱ्या अँटीबॉडीची पहिली मात्रा अशी ठरवतात की परिणाम जेमतेम दिसावा. तुमच्या प्रबंधातही व्याप्तीचा हा हिशेब एकदा तरी यावा: केडीइतके प्रमाण असेल तर ५० टक्के, नऊपट असेल तर ९०, नव्व्याण्णवपट असेल तर ९९. आणि प्रमाण म्हणजे मोकळे प्रमाण. प्राझोसिनचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतो. एकूण प्रमाण धरून केलेला हिशेब वीसपट चुकतो.

बंधन मोजण्याच्या पद्धतींवर थोडक्यातच सांगते, कारण किरणोत्सारी लायगँडची परवानगी तुमच्याकडे बहुधा नसेल. तरी शोधनिबंध वाचताना दोन गोष्टी तपासा. पहिली, समतोल आला होता का. केडी ०.१ नॅनोमोलर आणि जोडणीचा वेग मोलरला सेकंदाला दहा लाख असेल, तर सुटण्याचा अर्धकाल १ तास ५५ मिनिटे येतो. कमी प्रमाणाच्या टोकाला समतोलासाठी असे पाच अर्धकाल, म्हणजे साडेनऊ तास लागतात. ‘एक तास ठेवले’ असे लिहून ०.१ चा केडी दिला असेल तर तो आकडा खरा नाही. दुसरी, रिसेप्टर इतके जास्त घातले होते का की निम्मा लायगँड त्यांनीच गिळला? बांधलेला भाग एकूण लायगँडच्या १० टक्क्यांखाली हवा. आयसी-५० ची (परिणाम निम्म्यावर आणणाऱ्या प्रमाणाची) तुलना दोन निबंधांमध्ये थेट करू नका. १९७३ च्या चेंग-प्रुसॉफ समीकरणाने केआय (रोखणाऱ्या रेणूचा केडी) काढा, मगच तुलना करा.

आता तुमची प्रयोगशाळा. ऑर्गन बाथ (जिवंत ऊती द्रावणात टांगून तिचे आकुंचन मोजण्याचे उपकरण) असेल तर एच-१ हिस्टॅमिन रिसेप्टर घ्या आणि बोकडाची श्वासनलिका वापरा. खाटकाकडे मिळते, प्राणी प्रयोगासाठी मारावा लागत नाही; तरीही तुमच्या नैतिकता समितीला लेखी कळवून ठेवा. प्राणी कापल्यावर लगेच नलिका थंड क्रेब्समध्ये (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) टाकून बर्फावर आणा. दुपारी उन्हात दुचाकीच्या हुकाला पिशवी लटकवून आणलेली नलिका प्रतिसाद देत नाही आणि दोष मग हिस्टॅमिनच्या बाटलीला जातो.

क्रेब्स एका लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचे) ०.२९, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.० आणि कॅल्शियम क्लोराइड (निर्जल) ०.२८ ग्रॅम. कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून, बाकीच्यातून ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड दहा मिनिटे सोडल्यावर, सगळ्यात शेवटी ढवळत घाला. आधी घातले तर कार्बोनेट आणि फॉस्फेटचा साका बसतो, द्रावण दुधट होते. दुधट द्रावण गाळून वापरू नये, कारण गाळणीवर राहिले ते तुमचे कॅल्शियम. कोकणात जून ते सप्टेंबर आणखी एक अडचण: निर्जल कॅल्शियम क्लोराइड तराजूवरच पाणी ओढते. ०.२८ म्हणून जे वजन केले त्यात कॅल्शियम कमी भरते, आकुंचने पावसाळ्यात लहान येतात आणि मार्चमधले व ऑगस्टमधले आकडे जुळत नाहीत. उपाय सोपा आहे. बाटली नवी उघडल्याबरोबर १ मोलरचे साठा-द्रावण करून ठेवा आणि लिटरला २.५ मिलिलिटर वापरा. पदार्थ विरघळवायला वापरतात तो डीएमएसओही तसाच पाणी ओढतो. त्यातले साठे छोट्या छोट्या भागांत, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर पदार्थ नकळत खाली बसतो. बाथमध्ये डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नेऊ नका, आणि तेवढाच डीएमएसओ घातलेली कोरी नोंद हवीच.

कूर्चेची चार-पाच कडी कापून, स्नायूचा भाग आलटून पालटून विरुद्ध बाजूंना येईल अशी दोऱ्याने साखळी बांधा. तापमान ३७ अंश, ताण सुमारे अर्धा ग्रॅम, तासभर स्थिरावू द्या, दर १५ मिनिटांनी द्रावण बदला. हिस्टॅमिन डायहायड्रोक्लोराइड वापरत असाल तर हे लक्षात ठेवा की १ मिलिग्रॅम शुद्ध हिस्टॅमिनसाठी १.६६ मिलिग्रॅम मीठ लागते. निम्म्या निबंधांत कोणते लिहिले आहे तेच कळत नाही. दोन मात्रांमध्ये १५ मिनिटे सोडा, घाई केली की ऊती सुस्तावते.

पदार्थ घालण्याआधी माहीत असलेल्या औषधाने व्यवस्था तपासा. मेपिरामिन हा एच-१ अँटॅगोनिस्ट (रिसेप्टर रोखणारा रेणू) आहे. त्याचा पीए-२ (केबीचा ऋण लॉग) साधारण ९ आहे, म्हणजे केबी (अँटॅगोनिस्टचा केडी) १ नॅनोमोलर. मेपिरामिन मॅलिएट ४ मिलिग्रॅम एका लिटरमध्ये घातले की १० मायक्रोमोलर होते. त्यातले २० मायक्रोलिटर २० मिलिलिटरच्या बाथमध्ये म्हणजे १० नॅनोमोलर. ३० मिनिटे ठेवा आणि हिस्टॅमिनचा आलेख पुन्हा काढा. सूत्र: डोस-गुणोत्तर (तेवढ्याच प्रतिसादासाठी हिस्टॅमिन किती पट लागले) वजा १ = अँटॅगोनिस्टचे प्रमाण भागिले केबी. म्हणजे आलेख उजवीकडे ११ पट सरकला पाहिजे आणि कमाल उंची तीच राहिली पाहिजे. तीन प्रमाणे घेऊन शिल्ड आलेख (डोस-गुणोत्तर वजा १ चा लॉग विरुद्ध अँटॅगोनिस्टच्या प्रमाणाचा लॉग) काढा. उतार १ च्या आसपास हवा. उतार कमी आला तर समतोलाला वेळ अपुरा पडला, अँटॅगोनिस्ट काचेला चिकटला किंवा दुसराही रिसेप्टर मध्ये आहे. मेपिरामिन ९ च्या जवळ येत नाही तोवर कोकमाचा अर्क बाहेर काढायचा नाही. यातच महिना जाऊ शकतो आणि जाऊ द्यावा.

आणि अर्क. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असते. त्याची रचना सायट्रिक आम्लासारखी, त्यामुळे ते बाथचा पीएच पाडते आणि कॅल्शियमही पकडते. स्नायूला आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ते कमी झाले की हिस्टॅमिनचा प्रतिसाद कमी होतो आणि प्रबंधात ‘कोकमात अँटिहिस्टॅमिनिक गुण’ असे छापले जाते. ओळखण्याची युक्ती अशी की हिस्टॅमिनच्या जागी ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडने आकुंचन घडवा. त्यात कोणताच रिसेप्टर गुंतलेला नसतो, पटल विध्रुवित होऊन कॅल्शियम वाहिन्या उघडतात. अर्काने हे आकुंचनही तितकेच दबले तर परिणाम एच-१ चा नाही, तिथे थांबा. मग कार्बाकॉलने (मस्करिनिक रिसेप्टर चेतवणाऱ्या औषधाने) तीच चाचणी, कारण फक्त एच-१ वर बसणारा अँटॅगोनिस्ट मस्करिनिक प्रतिसादाला हात लावत नाही. अर्क घातल्यावर बाथचा पीएच ७.४ राहिला का हे प्रत्यक्ष मोजा. या तीन नोंदी एका दिवसात होतात आणि बहुतेक अर्क इथेच बाद होतात.

टॅनिन हा दुसरा चकवा. हिरडा, ऐनाची साल, काजूगराची लाल साल, सगळ्यांत टॅनिन आहे आणि ते कोणत्याही प्रथिनाला चिकटते. टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिव्हिनिल पायरोलिडोनमधून अर्क काढून परिणाम उरतो का ते बघा. एन्झाइमच्या चाचण्यांत रेणूंचे पुंजके मोडायला ०.०१ टक्के ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) घालतात; तो सल्ला इथे जसाच्या तसा उचलू नका, जिवंत ऊतीचे पटलच त्याने फाटते. कोकमातल्या गार्सिनॉलमध्ये कॅटेकॉल गट आहे, आणि असे रेणू अनेक चाचण्यांत खोटे होकार देतात म्हणून ते आधीच संशयितांच्या यादीत असतात.

डॉकिंग (रेणू रिसेप्टरच्या रचनेत संगणकावर बसवून बघणे) करायचे असेल तर करा, पण त्याला प्रयोगाच्या नंतरची जागा द्या. एच-१ ची डॉक्सेपिनसह रचना २०११ पासून उपलब्ध आहे, प्रथिनरचनांच्या संग्रहातला (पीडीबी) क्रमांक ३आरझेडई. आधी डॉक्सेपिनच काढून पुन्हा बसवा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसत नसेल तर तुमच्या सेटिंगवरचे बाकीचे सगळे गुण व्यर्थ आहेत. डॉकिंगच्या गुणाला केडी समजून तक्ता करणे हा तर प्रबंध परत येण्याचा राजमार्ग.

ऊतीवरून पेशींवर जायचे झाले तर मानवी एच-१ असलेल्या सीएचओ किंवा एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी आणि फ्लुओ-४ या रंगद्रव्याने कॅल्शियमची चमक मोजणे हा नेहमीचा मार्ग. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि अखंड वीज नसेल तर हे काम बाहेरच्या प्रयोगशाळेला द्या. पावसाळ्यात चार तास वीज गेली की इन्क्युबेटरमधला महिना वाया. तिथून निकाल मागताना रिसेप्टर न घातलेल्या मूळ पेशींवरची नोंद अवश्य मागा. आणि चेतवणारा रेणू असेल तर रिसेप्टरची संख्या विचारा. रिसेप्टर भरमसाट असले की अर्धवट चेतवणारा रेणूही पूर्ण वाटतो. दम्याचे सालब्युटामॉल बीटा-२ रिसेप्टरवर अर्धवटच आहे, पण रिसेप्टर ठासून भरलेल्या पेशीत ते कळत नाही.

एच-१ निवडला की पुढचा धडा आपोआप येतो: टर्फेनाडिन. चांगला एच-१ अँटॅगोनिस्ट, झोप न आणणारा. पण तो हृदयातली एचईआरजी ही पोटॅशियम वाहिनीही अडवायचा. एरवी यकृतातले सीवायपी-३ए४ त्याचे लगेच फेक्सोफेनाडिन करत असे म्हणून लक्षात आले नाही. सोबत कीटोकोनाझोल हे बुरशीवरचे औषध घेतले की ते एन्झाइम थांबे आणि हृदयाची लय बिघडे. आज फेक्सोफेनाडिनच विकले जाते. वजन घटवण्याचे फेनफ्लुरामिन १९९७ साली अमेरिकेत बंद झाले ते हृदयाच्या झडपांवरच्या ५-एचटी-२बी रिसेप्टरमुळे. म्हणून कोणताही होकार मिळाला की नव्या रेणूला या दोन ठिकाणी आधी तपासतात, मग पुढे जातात.

राहता राहिले विंचू आणि शंख. आपल्या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन, ३७ अमिनो आम्लांचे, बीके पोटॅशियम वाहिनी नॅनोमोलर प्रमाणात अडवते आणि जगभरच्या प्रयोगशाळांत साधन म्हणून विकले जाते. शंखांपैकी कोनस मॅगसच्या विषातला २५ अमिनो आम्लांचा रेणू झिकोनोटाइड नावाने २००४ साली अमेरिकेत वेदनेसाठी मंजूर झाला. तो मेंदूत पोचत नसल्यामुळे पंपाने मणक्याच्या द्रवात सोडावा लागतो. दोन्ही विद्युतदाबाने चालणाऱ्या वाहिन्यांवर बसतात, म्हणून ‘रिसेप्टर’ या शीर्षकाखाली घेताना मार्गदर्शकांशी आधी बोला. एम.फार्म.च्या मुदतीत विष गोळा करणे, वेगळे करणे आणि तपासणे हे तिन्ही बसत नाही. तयार संश्लेषित पेप्टाइड विकत घ्या, पॉलिप्रॉपिलिनच्या नळ्यांत ०.१ टक्के अल्ब्युमिनसह विरघळवा, नाहीतर नॅनोमोलर प्रमाण काचेच्या भिंतीवरच संपते. ओहोटीला खडकांत सापडलेला जिवंत कोन शंख हातात धरू नये. त्याचा विषारी दात कापडातूनही घुसू शकतो आणि काही जातींचा दंश प्राणघातक आहे. काही शंख, त्यात कोनसची एक जातही, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. पेटंटचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार, २०२३ च्या दुरुस्तीसह, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंध येतो, आणि ती चौकशी नमुना गोळा करण्याआधी करायची असते.